मऊ पिसाची माशी: आधी पीस, मग धड

मासा फसावा म्हणून गळावर पीस आणि धागा बांधून किड्यासारखं आमिष करतात, त्याला माशी म्हणतात. ट्राउट माशासाठी बांधलेली पहिली ‘पार्ट्रिज अँड ऑरेंज’ ही माशी बहुतेकांची बाटली घासायच्या ब्रशासारखी होते. पुढे पिसांचा झुपका, खाली जाडजूड नारिंगी धड आणि नेढं धाग्याने बुजलेलं. मग दोष सामानावर जातो. दोष असतो क्रमाचा. धड आधी गुंडाळलं जातं, ते हौसेने नेढ्यापर्यंत आणलं जातं आणि उरलेल्या चिंचोळ्या जागेत पीस, त्याची काडी आणि गाठ कोंबली जाते. यॉर्कशरच्या व्हार्फ, निड, यूर या नद्यांवर चालणाऱ्या या माश्यांना तिकडे ‘स्पायडर’ म्हणतात. त्या बांधण्याचं सगळं कसब कमी घालण्यात आहे.

खाली एकच माशी पूर्ण बांधली आहे. ती हातात बसली की बाकीच्या म्हणजे नुसते रंग आणि पीस बदलणं.

नावं आधी ठरवून घेऊ, म्हणजे पुढे गोंधळ नको. दोरी ओवायचं भोक ते नेढं, सरळ भाग तो दांडा, वळतो तो बाक, टोचते ती अणी. पिसाची मधली काडी, तिच्या दोन्ही बाजूंचे तंतू, वरचा शेंडा आणि खालचं बूड. गळाभोवती फिरवलेल्या पिसाला हॅकल म्हणतात. मी उजव्या हाताने बांधतो, नेढं उजवीकडे ठेवतो आणि धागा दांड्याच्या वरून पलीकडे नेतो. डावखुऱ्यांनी सगळं आरशात बघितल्यासारखं घ्यावं.

## बसण्याआधी काय हवं

वेट फ्लायचे, म्हणजे पाण्याखाली चालणाऱ्या माशीचे, 14 नंबरचे गळ. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, हे नवख्यांच्या लक्षात राहत नाही आणि ते ‘सोपं पडावं’ म्हणून 18 नंबर मागवून बसतात. हात अगदीच नवा असेल तर 12 घ्या.

नारिंगी रेशमी धागा हवा, आणि तोही बारीक. पिअर्सल्स कंपनीचं गॉसमर रेशीम, 6ए ही छटा, ही या माशीची जुनी ओळख. नाही मिळाला तर भरतकामाच्या रेशमी लडीतला एक बारीक पदर सोडवून घ्या. मात्र दुकानात ‘रेशीम’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ लडी रेयॉनच्या असतात. चार सेंटिमीटरचा तुकडा चिमट्यात धरून जाळा. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटात चुरली, तर रेशीम. कागद जळल्यासारखा वास आला तर रेयॉन.

हा हट्ट उगाच नाही. रेशीम भिजलं की काहीसं पारदर्शक होतं, आतला गळाचा काळपट दांडा त्यातून डोकावतो आणि भडक नारिंगी उतरून तांबूस तपकिरी होतो. पॉलिस्टरचा धागा पाण्यातही रिळावर होता तसाच भडक राहतो.

पीस हवं पार्ट्रिजचं, म्हणजे आपल्या तित्तिराच्या युरोपातल्या भाऊबंदाचं. पाठीवरचं, तपकिरी आणि बारीक ठिपक्यांचं. इंग्लंडमध्ये राहत असाल तर ते सहज मिळतं. इथे असाल तर शेतातल्या तित्तिर-लाव्यांकडे बघू नका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे आणि हे पक्षी त्याखाली येतात. ठिपकेदार गावठी कोंबडीच्या मानेची आणि खांद्याची पिसं या कामाला चांगली चालतात. चिकनवाल्याला आधी सांगून ठेवलं तर तो पिशवीभर देतो, वर ‘कशाला हवीत?’ हेही विचारतो. पिसं शाम्पूच्या पाण्यात धुवा, वर्तमानपत्रावर सावलीत वाळवा आणि बंद पिशवीत आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. नाहीतर त्यांच्याबरोबर आलेली कसर बाकीचं सामानही खाईल.

सावधान: पीस कोंबडीचंच हवं, कोंबड्याचं नको. कोंबड्याचं पीस दिसायला झळझळीत, पण तंतू ताठ. ते पाण्यात उभेच राहतात आणि ही माशी चालते ती तंतू हलतात म्हणून. तंतू ओठावर टेकवा. टोचला तर बाजूला ठेवा.

बाकी सामान: व्हाइस (गळ पकडायचा टेबलावरचा छोटा शेगडा), धाग्याचं रीळ धरणारं बॉबिन, बारीक टोकाची कात्री, पीस धरायचा हॅकल चिमटा, मधमाशीच्या मेणाचा खडा, पारदर्शक वार्निश, एक सुई आणि काचेच्या ग्लासात पाणी. ग्लास कशासाठी ते शेवटी कळेल.

## टप्पा 1: गळ बसवणे

आधी पक्कडीने अणीजवळचा उलटा काटा दाबून सपाट करा. सगळ्या नद्यांवर ही सक्ती नसते, पण मासा सोडून द्यायचा असेल तर गळ सहज निघतो. शिवाय सदोष गळ असेल तर तो इथेच मोडतो, माशी बांधून झाल्यावर नाही.

गळ व्हाइसमध्ये बाकाच्या खालच्या भागाशी पकडा, दांडा आडवा आणि सरळ. मग नेढ्याजवळ नखाने टिचकी मारा. गळ ‘टण्’ वाजून जागेवर यायला हवा. खाली सरकला तर व्हाइस आवळा. वाकून तसाच राहिला तर गळ मऊ आहे, तो टाका.

## टप्पा 2: पीस तयार करणे

धाग्याला हात लावण्याआधी पिसं तयार हवीत. एक नव्हे, सहा. धागा ताणून एका हातात धरायचा आणि दुसऱ्या हाताने पिशवीत पीस चाचपायचं, या कसरतीतच निम्म्या चुका होतात.

पीस निवडताना त्याची लांबी बघू नका, तंतूंची बघा. पीस अलगद वाकवा म्हणजे मधले तंतू काटकोनात उभे राहतील, आणि ते गळाशेजारी धरा. तंतूचं मूळ नेढ्याच्या मागे ठेवलं तर टोक बाकापर्यंत किंवा त्याच्या जेमतेम पुढे जायला हवं. याहून लांब असेल तर ते पीस मोठ्या गळासाठी ठेवा. कात्रीने तंतूंची टोकं कापून लांबी जुळवायचा मोह होतो. तसं करू नका. तंतूचं टोक निसर्गतः निमुळतं असतं आणि पाण्यात हलतं ते त्या निमुळतेपणामुळे. कापलेलं टोक खराट्यासारखं दिसतं.

आता पुढच्या चार गोष्टी याच क्रमाने करा.

1. बुडाकडची सगळी भुरभुरीत लव ओढून काढा. काडी उघडी दिसू लागेल.
2. शेंड्याचे थोडे तंतू चिमटीत धरा आणि त्याखालचे बाकीचे उलटे, बुडाच्या दिशेने मागे सारा. शेंडा वेगळा त्रिकोणी दिसेल. चिमट्यासाठी ही मूठ झाली.
3. पीस टेबलावर असं ठेवा, की शेंडा उजवीकडे आणि फिकी, खोलगट बाजू वर. चकचकीत बाजू खाली.
4. या स्थितीत तुमच्यापासून पलीकडचे तंतू सोलून काढा. अलीकडचे तेवढे ठेवा.

चौथी पायरी वाचून लोक थबकतात. इतकं सुंदर पीस आणि त्यातलं अर्धं फेकायचं? हो. पीस फिरवताना पलीकडची बाजू दांड्यावर चेपली जाते आणि तिचे तंतू वेडेवाकडे बाहेर येतात. अलीकडची बाजू बाहेरच्या अंगाला राहते आणि छत्रीच्या काड्यांसारखी नीट उघडते. अर्धं पीस ठेवलं की हॅकल आपोआप विरळ होतं, पुढे हात आवरावा लागत नाही.

चुरगळलेलं पीस फेकू नका. किटलीच्या वाफेवर काही सेकंद धरलं की तंतू सरळ होतात. धरायला मात्र चिमटा घ्या.

## टप्पा 3: धागा आणि मेण

हातभर धागा सोडा आणि मेणाच्या खड्यावरून दोन-तीनदा ओढून घ्या. मेणामुळे धागा गळावर पकड घेतो, वेढे सुटत नाहीत. धाग्यावर मेणाचे कण दिसू लागले तर जास्त झालं. बोटांच्या चिमटीतून ओढून ते पुसा.

रेशमाचा आणखी एक त्रास म्हणजे ते खरखरीत बोटांना अडकतं आणि त्याचे केस निघतात. नखं कानशीने घासून मगच बसा. तेल किंवा क्रीम लावून बोटं मऊ करू नका, ते मेणात आणि पिसात उतरतं.

धागा नेढ्यापासून एक नेढ्याएवढी जागा मोकळी सोडून सुरू करा. तीन-चार वेढे, प्रत्येक आधीच्या वेढ्याला चिकटून, बाकाच्या दिशेने. उरलेलं टोक कापा.

तपासा: नेढं आणि पहिला वेढा यांच्यामध्ये उघडा लोखंडी दांडा दिसतो का? ही जागा शेवटच्या गाठीची आहे. ती आत्ता खाल्ली तर नंतर कुठूनही मिळणार नाही.

## टप्पा 4: पीस बांधणे

इथे पीस बांधून ठेवायचं आहे, फिरवायचं नाही. बुडाची उघडी काडी दांड्यावर ठेवा. शेंडा नेढ्याच्या पुढे बाहेर, जणू माशी समोर बघत भाला रोखून उभी आहे. टेबलावर होती तशीच फिकी बाजू वर. काडीवर तीन-चार घट्ट वेढे घ्या. तंतू सुरू होतात तिथे आणि पहिला वेढा यांच्यामध्ये केसभर उघडी काडी राहू द्या. अगदी तंतूंना भिडून बांधलं तर पहिले दोन-तीन तंतू वळणातच भलत्या दिशेला उभे राहतात.

तपासा: पीस बोटाने उचलून उभं करा. चकचकीत बाजू नेढ्याकडे, फिकी बाजू बाकाकडे दिसली पाहिजे. म्हणजे फिरवल्यावर तंतू मागे झुकतील. उलटं दिसत असेल तर आत्ताच सोडवा, तीन-चार वेढ्यांचंच काम आहे. ‘चालेल’ म्हणून पुढे गेलात तर तंतू पुढे वळलेली, वाऱ्यात उलटलेल्या छत्रीसारखी माशी मिळेल.

पीस आधी बांधण्याचा फायदा आता दिसेल. काडीचं उरलेलं बूड धडाखाली जातं, डोक्याखाली नाही. डोकं बारीक राहण्यामागे एवढंच गुपित आहे.

## टप्पा 5: धड

काडीचं बूड दांड्याला समांतर धरून त्यावरून वेढे घेत बाकाकडे चला. काडी दांड्याच्या मध्याच्या आसपास तिरकी कापा. सरळ कापली तर तिथे पायरी पडते आणि ती रेशमातून दिसते.

कुठे थांबायचं? अणीच्या बरोबर वर. बाकाच्या सुरुवातीपर्यंतसुद्धा नाही. इथे हात थांबत नाही, कारण मागे उघडा दांडा दिसला की काम अपुरं वाटतं. पण या माश्या आखूड धडाच्याच असतात. आखूड धड आणि त्याला झाकणारे लांब तंतू हे प्रमाणच माशीला जिवंत दाखवतं. बाकावर उतरलेलं धड अळीसारखं दिसतं. अळीच बांधायची असेल तर गोष्ट वेगळी.

मग त्याच वाटेने परत या. गुंडाळत असताना धाग्याला पीळ चढत जातो आणि धड दोरखंडासारखं खरबरीत होतं. अधूनमधून बॉबिन लोंबकळत सोडा आणि उलट दिशेने फिरवा. धागा चपटा झालेला दिसेल. चपटा धागा गुळगुळीत बसतो आणि कमी वेढ्यांत काम होतं.

पीस बांधलेल्या जागेपासून साधारण एक मिलिमीटर अलीकडे थांबा. हॅकल याच मिलिमीटरमध्ये बसायचं आहे.

तपासा: धड दोन पदरी आहे, एक जाताना आणि एक येताना. तिसरा पदर नको. गळ उजेडाकडे धरा. मध्येच फुगवटा दिसला तर तो काडीच्या कापलेल्या टोकाचा असतो.

सोनेरी तारेची गुंडाळी काही जण घालतात. पहिल्या डझनभर माश्यांत तिला हात लावू नका.

## टप्पा 6: हॅकल फिरवणे

शेंड्याची मूठ हॅकल चिमट्यात धरा. पीस उभं करा आणि वरून पलीकडे न्या. पहिला वेढा बांधलेल्या जागी, दुसरा त्याच्या मागे, म्हणजे धडाच्या बाजूला. आपण पुढून मागे येतोय, हे ध्यानात ठेवा. दर अर्ध्या वेढ्याला डाव्या हाताच्या बोटांनी तंतू मागे सारत चला, म्हणजे पुढचा वेढा त्यांच्यावर चढणार नाही.

दीड वेढा, फार तर दोन. पीस उरलं तरी उरू द्या. आमच्या रविवारच्या बैठकीत याच जागी दर वेळी वाद होतो. ‘थोडं भरगच्च बरं दिसतं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता उत्तर देत नाही, पाण्याचा ग्लास पुढे सरकवतो.

आता मागे थांबलेला धागा शेंड्यावरून एक वेढा घट्ट फिरवा. शेंडा अडकला. लगेच कापू नका. आधी धागा हॅकलमधून पुढे आणा. धागा डावी-उजवीकडे किंचित हलवत, तंतूंच्या मधून वाट काढत, दोन वेढ्यांत नेढ्यामागच्या मोकळ्या जागेत पोचा. हलवलं नाही तर धागा तंतूंना आडवं पाडतो. हे दोन वेढे पिसाच्या काडीवरून तिरके जातात आणि तिला जखडतात. माशाच्या दातांनी काडी तुटली तरी हॅकल उलगडत नाही. धड आधी गुंडाळून पीस शेवटी बांधलेल्या माशीला हा आधार मिळत नाही. ती दोन मासे लागले की सुटते.

आता शेंडा कापा. कात्रीचं टोक काडीला लावून एकदाच दाबा. खुडू नका.

तपासा: समोरून, नेढ्याच्या बाजूने बघा. तंतू सगळीकडे सारखे पसरलेत का आणि त्यांच्यामधून पलीकडचं दिसतं का? बारा-पंधरा तंतू पुरेत. एका बाजूला गर्दी असेल तर दोन-चार तंतू मुळाशी चिमट्याने उपटा.

## टप्पा 7: डोकं आणि गाठ

तंतू तीन बोटांनी मागे धरा आणि हॅकलच्या पुढे दोन वेढे घ्या. तंतूंवर चढून त्यांना मागे दाबू नका. तंतू दांड्यावर निजवलेली माशी टेबलावर सुबक दिसते, पाण्यात मात्र मेलेली.

मग व्हिप फिनिश, म्हणजे धाग्याने धागाच बांधून टाकणारी गाठ. दोन बोटांत धाग्याचा त्रिकोणी फास करा. रिळाकडे जाणारा धागा दांड्याला लागून आडवा ठेवा आणि फासाच्या दुसऱ्या बाजूने त्यावरून चार वेढे घ्या. फासात सुई अडकवून धागा ओढा, अगदी शेवटच्या क्षणी सुई काढा. मेण लावलेला धागा आपणच आपल्याला धरतो. जमत नसेल तोवर रिफिल काढलेल्या बॉलपेनच्या टोकावर साधा फास घेऊन तो नेढ्यावरून सरकवा. असे तीन फास झाले की माशी नदीवर न्यायला हरकत नाही.

धागा कापा. सुईच्या टोकावर वार्निशचा बारीकसा थेंब घ्या आणि फक्त गाठीला टेकवा. ब्रशने लावलं तर वार्निश तंतूंमध्ये शिरतं आणि हॅकलचा टूथब्रश होतो. धडाला तर लावूच नका. रेशमाचा रंग तिथल्या तिथे काळवंडतो.

वार्निश ओलं असतानाच उरलेलं एखादं पीस नेढ्यातून आरपार ओढा. नदीकाठी गार बोटांनी बुजलेलं नेढं कोरत बसण्यापेक्षा हे बरं.

## टप्पा 8: ग्लासातली परीक्षा

वार्निश वाळल्यावर माशी चिमट्यात धरून पाण्यात बुडवा आणि पुढे-मागे हलवा. ओढलं की तंतू धडावर मिटले पाहिजेत, थांबलं की उमलले पाहिजेत.

मिटतात पण उमलत नाहीत? बहुधा गाठ तंतूंवर चढली आहे. हॅकल दाट असेल तेव्हाही तंतू भिजून एकमेकांना चिकटतात आणि असंच होतं. मिटतच नाहीत? पीस कोंबड्याचं आहे. माशी एका बाजूला कलते? तंतू एकीकडे जमलेत. धड भडक नारिंगीच राहिलं तर धागा रेशमाचा नव्हता, किंवा तो इतका जाड बसलाय की खालचा दांडा दिसत नाही.

बिघडलेल्या माशीचा गळ वाया घालवू नका. जुन्या ब्लेडने दांड्यावरून उभा काप देऊन सगळं खरवडून काढा आणि तोच गळ पुन्हा व्हाइसमध्ये लावा. मात्र एक बिघडलेली माशी जवळ ठेवा. सहा बांधून झाल्यावर ओळीत मांडा, पहिली डावीकडे. सहाव्या माशीचं डोकं पहिलीपेक्षा बारीक दिसत नसेल, तर टप्पा 3 मधली मोकळी जागा पुन्हा तपासा. चूक बहुतेक तिथेच असते.

## याच हाताने आणखी दोन

‘स्नाइप अँड पर्पल’साठी जांभळा रेशमी धागा आणि स्नाइप म्हणजे पाणलाव्याच्या पंखाच्या वरच्या अंगाचं, पुढच्या कडेचं गडद बारीक पीस लागतं. हे पीस इतकं नाजूक असतं, की एक बाजू सोलताना काडीच फाटते. दोन्ही बाजू ठेवा आणि एकच वेढा घ्या. इथे गावठी कोंबडीचं काळपट, आखूड तंतूंचं पीस वापरा आणि त्याची एक बाजू नेहमीसारखी सोला.

‘वॉटरहेन ब्लोआ’मध्ये पिवळा रेशमी धागा आणि पाणकोंबडीच्या पंखाच्या आतल्या बाजूचं राखाडी पीस. धडावर मोलची, म्हणजे जमिनीत बिळं करणाऱ्या एका छोट्या प्राण्याची, राखाडी लव धाग्याला पिळून लावतात, आणि इथे हमखास गालिचा होतो. जेवढी लव घेतलीत त्यातली निम्मी परत ठेवा, मग उरलेल्यातली निम्मी. धाग्यावर नुसतं धुकं दिसावं आणि त्यातून पिवळा चमकावा. यासाठी मधमाशीच्या मेणाऐवजी चांभाराचं काळं मेण वापरलं, तर पिवळा धागा हिरवट होतो, आणि तोच हवा असतो.

## ठेवण

हिमाचलात तीर्थन किंवा सैंज नदीवर जाणारे मार्चच्या बेताने माश्या बांधून ठेवतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे ट्राउटला बंदी असते आणि परवाना मत्स्यविभागाकडून काढावा लागतो. त्या माश्या मग इथल्या पावसाळ्यातून जातात, आणि पुढच्या वर्षी डबा उघडला की गळ गंजलेले. नदीवरून आल्यावर डबा रात्रभर उघडा ठेवा. ओली माशी कोरड्या माश्यांत परत टाकू नका. डब्यात सिलिका जेलची पुडी असू द्या. डांबराच्या गोळ्या पिसांच्या पेटीत ठीक, माश्यांच्या डब्यात नकोत. रेशमाची रिळं उजेडापासून दूर, बंद डब्यात. खिडकीत राहिलेलं नारिंगी रीळ वर्षभरात फिकं पडतं आणि धागा ताण देताच तुटतो. असं रीळ सापडलं तर वरचे दोन-तीन थर काढून टाका, खालचा धागा बहुधा चांगला असतो.